एकच माहेर

यशदीप डॉक्टरांच्या खोलीत शिरला तो बहिणीला हाडातलं मगज देणारा भाऊ म्हणून, आणि अर्ध्या तासाने बाहेर आला तो स्वतःच रुग्ण होऊन. रमाने आपल्या पोराचा तो अर्धा तास डोळ्यांनी पाहिला होता. ती गुरुवारची गोष्ट. आज रविवार होता, आणि दहाच्या सुमाराला त्याच यशदीपच्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायला अभनपूरहून तिचं अख्खं माहेर येणार होतं.

रमाने सकाळीच पोहे निवडायला घेतले. हात चालू होते, डोकं गुरुवारातच अडकलं होतं.

इरावती, तिची एकोणीस वर्षांची धाकटी, लहानपणापासून नाजूकच. महिन्याला ताप, कान फुटणं, छातीत कफ. मागच्या दिवाळीत मानेत गाठी आल्या आणि लिम्फोमा निघाला. केमोच्या सहा फेऱ्या झाल्या, गाठी विरघळल्या, घरच्या शारदाआत्यांनी पाऱ्यात, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्यात, घरोघरी पेढे वाटले. पण डॉक्टरबाईंना ते जुने ताप खटकत होते. त्यांनी इराचं रक्त जनुकांच्या तपासणीसाठी बाहेर पाठवलं, आणि पुढेमागे मगज बदलायची वेळ आलीच तर असावं म्हणून आईवडिलांचं नि भावाचंही.

"एक साधा विषाणू असतो," त्या गुरुवारी समजावून सांगत होत्या, निम्मं हिंदीत, निम्मं हातांनी. "लहानपणी जवळपास सगळ्यांनाच होतो आणि मग जन्मभर काही पेशींमध्ये दडून बसतो. आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण दुसऱ्या पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. मात्र हे काम कुठलीही पेशी एकटीने करू शकत नाही. जिच्यात विषाणू शिरला ती पेशी खूण करते. पहाऱ्यावरची पेशी ती खूण घेते, जागी होते, एकीच्या शंभर होतात, आणि बिघडलेलीची गाठ व्हायच्या आत तिला मारतात. तुमच्या मुलीच्या पहाऱ्याच्या पेशींवर ती खूण घेणारी जागाच नाही. पेशी आहेत. मोजल्या तर भरपूर आहेत. पण एकमेकींचं त्यांना कळत नाही."

"पण गाठ तर गेली ना?" इराच्या वडिलांनी, शिशिरने विचारलं.

"गाठ गेली. पहारा कुठे आला? तो येत नाही तोवर गाठ परत येण्याची भीती आहेच. म्हणून मगज बदलायचं. दुसऱ्याच्या चांगल्या पेशी हिच्या शरीरात रुजवायच्या."

यशदीपने लगेच शर्टाची बाही वर केली होती. "मेरा ले लीजिए. मॅच आया है ना?"

डॉक्टरबाईंनी त्याची बाही हाताने खाली केली. "तुझं पूर्ण जुळतं, बेटा. इतकं पूर्ण जुळतं, की खोटसुद्धा तीच आहे."

यशदीप, ज्याला पंचवीस वर्षांत सर्दीपलीकडे काही झालं नव्हतं! असं होतं, डॉक्टरबाई म्हणाल्या. एकाच घरात, एकाच दोषाचे दोघे. एकाला विसाव्या वर्षी गाठ, एकाला चाळिसाव्या वर्षी, एखाद्याला कधीच नाही. आता त्याचंही रक्त दर तीन महिन्यांनी तपासायचं. ही खोट एकीकडून आली तर माणसाला काही होत नाही. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून आली तरच. मग त्यांनी कागदावरची नजर वर उचलली आणि विचारलं, "आप दोनों रिश्ते में हैं क्या?"

रमाच म्हणाली, "हे माझे आतेभाऊ. मी ह्यांच्या मामाची मुलगी."

येताना गाडीत शिशिरने एवढंच बोलून घेतलं. "साक्षगंध होऊन जाऊ दे, रमा. मग सांगू सगळ्यांना." रमाने उत्तर दिलं नाही. तीस वर्षांच्या संसारात तिच्या न बोलण्याचा अर्थ होकार असाच घेतला जाई. तसा त्याने ह्याही वेळी घेतला.

"मम्मी."

यशदीप स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. शहराबाहेर उरला गावच्या पोलाद कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तो नोकरीला होता, आणि गेली दोन वर्षं काही ना काही निमित्त काढून अभनपूरला चकरा मारत होता. निमित्ताचं नाव देवश्री, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं. म्हणून तर ही बैठक कुणाला ओझं वाटत नव्हती. मामाचीच पोट्टी, आणि दोघं राजी.

"मैं झूठ बोलके शादी नहीं करूंगा," तो म्हणाला. "तुम नहीं बोलोगी तो मैं बोल दूंगा."

"तू नाही बोलायचं," रमा म्हणाली. "तुझं तोंड पाहून सगळे रडतील. माझं पाहून भांडतील. भांडण निभावता येतं."

त्याने मान हलवली. जाता जाता म्हणाला, "देवश्री को अकेले में पहले बताऊं?"

पोह्याचा डबा रमाच्या हातात तसाच राहिला. आपल्या हातून पोराचं काय मोडणार आहे, ते तिला त्या एका प्रश्नाने पुरतं कळलं.

"सांग," ती म्हणाली. "तिचा तेवढा हक्क आहे."

*

साडेदहाला बैठकीची खोली भरली. मधल्या खुर्चीत श्यामकांत, रमाचे वडील, शहात्तरीचे. धमतरीच्या छोट्या रेल्वेलाइनीवर गार्ड म्हणून उभी हयात गेली, आणि अजूनही बसताना पाठ खुर्चीला टेकत नसे. शेजारी दिवाणावर त्यांची सख्खी बहीण शारदा, म्हणजे रमाची आत्या आणि तीच सासू. समोर रमाचा धाकटा भाऊ सुशील, अभनपूरला पंप-मोटारींचं दुकान चालवणारा. त्याची बायको अपर्णा दाराजवळच्या वेताच्या मोढ्यावर. अपर्णा गोंदियाची, नात्याबाहेरची. तिला ह्या घरात चोवीस वर्षं 'बाहेरची' म्हटलं गेलं होतं, आणि त्यात रमाचाही वाटा होता. इरा आतल्या खोलीत पडून होती, दार उघडं ठेवून. यशदीप आणि देवश्री गच्चीवर.

"चला, पोहे झाले, चहा झाला," शारदा म्हणाली. "आता वेळ काहून लावायचा? माघातली तारीख धरा अन् सुपारी फोडा."

"पंडितांनी दोन तारखा दिल्यात," श्यामकांतांनी खिशात हात घातला.

"बाबा, थांबा," रमा म्हणाली.

ती उठली, कपाटावरून पिवळं पाकीट घेतलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. शिशिरने डोळे मिटून घेतले. मग रमा बोलली. डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते सगळं, त्याच क्रमाने, आवाज न चढवता. इराचं झालं. यशदीपचं झालं. खोट दोन्हीकडून यावी लागते हे झालं. शेवटी ती म्हणाली, "देवश्रीच्या अंगात ती एकेरी असू शकते, सुशीलकडून. असली, तर ह्या दोघांच्या होणाऱ्या लेकरांपैकी निम्म्यांना इराचं दुखणं. म्हणून आज सुपारी फुटणार नाही."

मग शारदाने पदर खोचला.

"माह्या पोराच्या रक्तात खोट काढून राहिली तू? शिशिर कधी आजारी पडला का? त्याच्या बापाकडे कोणी? हे तुह्या माहेराकडून आलं, रमा. साफ सांगून देतो तुले."

"आत्या," रमा म्हणाली, "माझं माहेर कोणतं?"

"म्हणजे?"

"देशकरांचं. अन् तुमचं?"

दाराजवळ अपर्णाने खाली मान घातली. हसू लपवायला की आणखी कशाला, ते कळलं नाही.

"दोष ढकलायला दुसरं घरच नाही, आत्या. तुमच्याकडून शिशिरला आलं, बाबांकडून मला. दोन्ही वाटा एकाच उंबऱ्यातून निघाल्या. अन् तुमचे आईबापही मामे-आतेच होते."

"बस!" श्यामकांत म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण गार्डाचा होता. "तीन पिढ्या ह्या घरात असेच संबंध झाले. कुणाचं काय बिघडलं? एक डॉक्टरीण कागद देते, अन् तू बापासमोर घराण्याच्या रक्ताचा पंचनामा करते?"

"बाबा, विनायककाकांना काय झालं होतं?"

तिने ते नाव घेतलं आणि तिलाच आपल्या धीराचं नवल वाटलं. विनायक म्हणजे श्यामकांत आणि शारदाचा धाकटा भाऊ. त्याचा एक फोटो होता, एवढंच. तेराव्या वर्षी विषमज्वराने गेला, हे एक वाक्य ह्या घरात त्याच्याबद्दल बोललं जाई, आणि नेहमी त्याच शब्दांत.

"विषमज्वर," श्यामकांत म्हणाले.

"सगळ्या भाचरांना सांगितलं तेच मला सांगू नका. ही माझ्या पोट्टीच्या जिवाची गोष्ट आहे."

"विषमज्वर म्हटलं ना एकदा!"

"नाही, दादा."

हे शारदा बोलली होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होती.

"त्याच्या मानेले गाठी होत्या," ती म्हणाली. "इथं, अन् इथं. रोज संध्याकाळी मी हळदीचा शेक देऊन फडकं बांधू. लिंबाएवढ्या होत्या, मग संत्र्याएवढ्या झाल्या. शेवटी शेवटी त्याले गिळता येत नव्हतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणे, हे दुसरंच काही आहे. अन् बाबांनी घरी येऊन सगळ्यांले बसवलं अन् सांगितलं, कोणी विचारलं तर विषमज्वर म्हणायचं. काहून, तर माहं लग्न व्हायचं होतं." ती थांबली. "माह्या लग्नासाठी आम्ही त्याचं मरण खोटं सांगितलं, दादा. छप्पन्न वर्षं झाली. काल इरेच्या मानेले तेल लावून राहिली होती मी, अन् माही बोटं आपोआप त्याच जाग्यावर गेली."

रमाने कधी नव्हे ते सासूच्या पायाशी बसकण मारली. लग्नाआधी ती आत्याला 'तू' म्हणे. लग्नानंतर 'तुम्ही' म्हणायचं ठरलं, आणि तीस वर्षं तसंच चाललं.

"आत्या, तू हे आधी का नाही बोललीस?"

"कोणापाशी बोलू?" शारदा म्हणाली. "सगळे आपलेच होते."

श्यामकांत उठले आणि अंगणात गेले. पाकीट पुढ्यात तसंच पडून राहिलं. बाहेर गुढियारीच्या मालधक्क्याकडे जाणारे ट्रक घरघरत होते. म्हातारे फाटकाला हात लावून पाठमोरे उभे राहिले, आणि त्यांची पाठ ताठ नव्हती.

सुशीलने घसा साफ केला. "ताई, ठीक आहे. लग्न राहू दे. पण आता एक ऐक. देवश्रीची तपासणीबिपासणी नको. तिच्यात काही निघालं अन् बाहेर कळलं, तर कोणी घरात घेईल का तिला? आमचंही एकुलतं लेकरू आहे."

हे ऐकायची रमाची तयारी होती. पुढचं तिने तरीही बोलून टाकलं, कारण नंतर बोलायला वेळ उरणार नव्हता. "सुशील, ते एकच काम नाही. इराला मगज पाहिजे. यशदीपचं चालत नाही. आम्ही दोघं अर्धे जुळतो, पण मला दहा वर्षांची शुगर, ह्यांच्या छातीत स्टेंट. डॉक्टर म्हणतात, अर्धं जुळणारं तरुण माणूस नात्यात शोधा. एकेरी खोट असली तरी चालतं, त्या माणसाच्या पेशी नीट काम करतात. अन् नात्यात तरुण म्हणजे..."

"नाही," सुशील म्हणाला. "मगज द्यायचं? ताई, काही बोलून राहिली तू."

"हाड कापत नाहीत रे. दंडातून रक्त काढावं तसं मशिनीतून काढतात, चार-पाच तास."

"नाही म्हटलं ना."

मोढा सरकल्याचा आवाज झाला. अपर्णा उभी राहिली होती.

"चोवीस वर्षं मी ह्या घरात चहा देऊन मागे बसली," ती म्हणाली. "माझ्या लग्नात ह्याच आत्या म्हणाल्या होत्या, सुशीलने बाहेरची आणली, आता घराण्याचं रक्त पातळ होईल. म्हणाल्या होत्या ना? मला लागलं होतं ते. आज कळलं, माझी पोट्टी धडधाकट उभी आहे ती त्या पातळ रक्ताच्या जोरावर." ती नवऱ्याकडे वळली. "मला सूड नाही काढायचा. पण तुम्ही तिच्या वतीने नाही म्हणू नका. मी हो म्हणणार नाही, तुम्ही नाही म्हणायचं नाही. तिला विचारा."

विचारायची गरज पडली नाही. देवश्री जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होती. डोळे लाल होते, चेहरा पुसून आलेली. तिच्या मागे यशदीप, दोन पायऱ्या सोडून.

"पापा, मैंने सुन लिया," ती म्हणाली. मग तिने हिंदी सोडली, आणि जपून, शब्द निवडत मराठीत बोलली, म्हाताऱ्या माणसांना नीट कळावं म्हणून. "तपासणी करायची आहे मला. इरासाठी. अन् माझ्यासाठी पण. जिथं लग्न करीन तिथं आधी सांगूनच करीन. जो पळेल तो पळू दे."

"अन् ह्याच्याशी?" शारदाने न राहवून यशदीपकडे बोट केलं.

देवश्रीने मागे वळून पाहिलं नाही. "रिपोर्ट आला की आम्ही दोघं ठरवू, आजी. तुम्ही कोणी नाही."

आतल्या खोलीतून इराचा बारीक आवाज आला. "देवू दीदी, यहां आओ ना."

देवश्री आत गेली, आणि दार लागलं.

श्यामकांत अंगणातून परतले तेव्हा त्यांनी खुर्ची घेतली नाही. उभ्यानेच पाकीट उचललं, चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. मग रमाला म्हणाले, "उद्या किती वाजता उघडते प्रयोगशाळा?"

"आठला."

"पहिलं रक्त माझं घ्यायला सांग. बाकीच्यांनी मग आपल्या बायकापोरांना आणावं. मी दिलं म्हणजे कुणाला लाज वाटायचं कारण नाही."

*

महिन्याभराने रिपोर्ट आले. श्यामकांतांच्या रक्तात खोट होती, शारदाच्या होती, सुशीलच्या होती. देवश्रीच्याही होती, एकेरी, तिला स्वतःला काही न करणारी. आणि इराशी ती अर्धी जुळत होती.

ती आणि यशदीप त्या संध्याकाळी तेलीबांध्याच्या तळ्यावर गेले. दोन तासांनी यशदीप एकटा घरी आला, हातपाय धुऊन ताटावर बसला आणि म्हणाला, "नहीं कर रहे, मम्मी. दोनों ने मिलके तय किया." रमाने त्याला वाढलं. तो जेवला, सगळं जेवला, आणि पानावरून उठताना आईच्या खांद्यावर त्याने घडीभर हात ठेवला. ह्यापुढे त्या विषयावर घरात तो एक शब्द बोलला नाही, आणि रमानेही त्याला बोलतं केलं नाही. काही गोष्टींवर फुंकर घालणं म्हणजे त्या पुन्हा उकरणं, हे तिला कळत होतं.

चैत्रात नागपूरला मगज बदललं. देवश्री मशिनीला जोडलेली असताना अपर्णा आणि रमा बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. पाच तासांत दोघी मिळून दहा वाक्यं बोलल्या असतील. त्यातलं एक रमाचं होतं. "अपर्णा, तुला बाहेरची म्हणणाऱ्यांत मीही होती." अपर्णा म्हणाली, "हव. माहीत आहे." आणि पिशवीतून संत्रं काढून तिने अर्धं रमाच्या हातात दिलं.

मग काचेपलीकडचे दिवस. इराच्या तोंडात फोड आले, ताप चढले, एका आठवड्यात ती इतकी वाळली की शिशिर काचेशी उभा राहीना. रमा उभी राहिली. रोज सकाळी ती नर्सला पांढऱ्या पेशींचा आकडा विचारी, रोज तो शून्याच्या आसपास असे, आणि रोज ती दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी. एकोणिसाव्या दिवशी नर्सने विचारायची वाट पाहिली नाही. चारशे म्हणाली. एकविसाव्या दिवशी नऊशे. देवश्रीच्या पेशी इराच्या हाडांत रुजल्या होत्या.

डॉक्टरांनी पुढचं सगळं गोड सांगितलं नाही. वर्षभर जपायचं, पेशी नव्या शरीराशी भांडू शकतात, काहीही होऊ शकतं. पण त्या दडून बसलेल्या विषाणूवर आता पहारा होता. त्याची रक्तातली मोजणी महिन्यामहिन्याला खाली येत होती. यशदीपचीही मोजणी ठरल्या दिवशी होत होती. एकदा ती थोडी वर गेली, पुन्हा खाली आली. त्याच्यासाठीही दाता शोधून ठेवायचं काम रमाने सुरू केलं होतं. लागला नाही तर उत्तम. लागला तर धावाधाव नको.

भाद्रपदात, इरा तोंडाला मास्क लावून अंगणात खुर्ची टाकून बसू लागली तेव्हा, एका दुपारी रमा वही घेऊन शारदापुढे बसली.

"आत्या, आपल्या नात्यात मामे-आते लग्नं कुठं कुठं झाली? तुला सगळी तोंडपाठ आहेत."

शारदाने डोळे मिटले आणि सांगायला लागली. वर्धा, पुलगाव, आर्वी, दुर्ग, राजनांदगाव. कुणाचं पोर लहानपणी गेलं, कुणाच्या घरी कोण सारखं आजारी. चौदा घरं झाली. रमाने पहिला नंबर लावला, आर्वीचा. शारदाच्या चुलत पुतण्याने फोन उचलला, दोन मिनिटं ऐकून घेतलं, आणि मग त्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. "तुमच्या घरची घाण आमच्या दारात कशाले टाकून राहिल्या, वहिनी? माह्या पोट्टीचं जमून राहिलं!" फोन बंद झाला.

रमाने वहीत त्या नावापुढे काही लिहिलं नाही. पाणी प्यायली. पुन्हा तोच नंबर लावला.

वाजत राहिला. चौथ्या वेळी उचलला गेला. रमा तोंड उघडणार तोच शारदाने हात पुढे केला.

"दे इकडे."

तिने फोन कानाला लावला, चष्मा सारखा केला, जणू पलीकडचा माणूस समोर बसला होता.

"मी देशकरांची शारदा बोलून राहिली," ती म्हणाली. "फोन ठेवू नको, बापा. माहा एक भाऊ होता, विनायक. तो कशाने गेला ते आधी ऐक, अन् मग तुह्या पोट्टीचं ठरव."